एच्.आय्.व्ही.वरील उपचार : आजचे आणि उद्यांचे

आमच्या परिचयाच्या एका घरांत स्वयंपाकघरांतील फळीवर एक स्टीलचें ताट कित्येक वर्षें निराळें ठेवलेलें असे. तें चुकून दुसऱ्या कोणाच्या पुढें जाऊं नये म्हणून त्याच्या कडेला खिळ्यानें एक लहानशी खूण केलेली होती. तें ताट त्या घरच्या मधल्या सुनेचें. १९९९ सालीं तिचे यजमान वारले. बाहेर "कावीळ झाली होती" असें सांगण्यांत आलें. खरें कारण घरांतील दोघां-तिघां वडील मंडळींसच ठाऊक होतें. पुढें तिच्या रक्ताची तपासणी झाली, आणि जें दुखणें पतीस होतें त्याचेंच बीज तिच्याहि रक्तांत आहे असें कळलें. त्या दिवसापासून तिचें ताट, वाटी, तांब्या निराळा झाला; लुगडीं निराळ्या दोरीवर वाळूं लागलीं; देवघरांतील पूजेची तयारी करण्याचें काम धाकट्या जावेकडे गेलें. तिला कोणी टाकून बोललें असें मात्र नाहीं. घर सुशिक्षित होतें, मनानें चांगलें होतें. चांगल्या घरांतहि अज्ञान किती सोज्वळपणें नांदूं शकतें हें आम्हीं तेथें पाहिलें. आणि खरें तेंच लिहावयाचें तर, त्या काळीं त्या घरीं चहाचा पेला हातीं घेतांना आमचाहि हात क्षणभर थबकत असे.

ती बाई आज साठीच्या पुढें आहे. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यांत दीड वर्ष त्यांचें सर्व काहीं तिनेंच केलें. गेल्या महिन्यांत सहज गेलों असतां तिनें आम्हांस विचारलें, "भाऊजी, वर्तमानपत्रांत आलें आहे कीं सहा महिन्यांतून एकदां इंजेक्शन घेतलें म्हणजे काम भागतें. तें मला चालेल काय?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देतांना आमची तारांबळ उडाली. घरीं येऊन पुस्तकें चाळलीं, दोन डॉक्टर मित्रांस त्रास दिला, आणि मग ध्यानांत आलें कीं ह्या विषयांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जें घडलें तें आपल्या घरोघरीं पोंचलेलेंच नाहीं.

कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत हा विषय कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' काढलें तेव्हां गुप्तरोगांविषयींचें छापील अक्षर घरांत येणें हेंच पुष्कळांस अब्रह्मण्यम् वाटे. परंतु भारतांत आज सुमारें २५ लाख लोक हा विषाणु अंगांत घेऊन जगत आहेत, आणि राज्यवार पाहतां त्यांची सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रांतच आहे. तीं सर्व माणसें कोणत्या ना कोणत्या घरांतच राहतात.

ह्या रोगाची पहिली छापील नोंद १९८१ च्या जून महिन्यांतील. अमेरिकेंतील लॉस एंजलिस शहरीं पांच तरुणांस एका विलक्षण प्रकारचा न्यूमोनिया झाल्याची ती हकीकत होती. १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें फ्रान्स्वाज बारे-सिनूसी व ल्यूक मॉन्तान्ये ह्यांनीं त्याचा विषाणु शोधून काढला. त्याबद्दल त्यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. भारतांत हा रोग नाहीं, आपल्या आचारविचारांमुळें तो येणारहि नाहीं, असें त्या वेळीं मोठमोठे लोक बोलत. १९८६ सालीं मद्रास येथें डॉ. सुनीति सॉलोमन ह्यांनीं आपल्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला ह्यांच्याकडून वेश्याव्यवसायांतील स्त्रियांचे रक्ताचे नमुने गोळा करविले, आणि त्यांत हा विषाणु सांपडला. सॉलोमनबाई माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मूळच्या मराठी घराण्यांतल्या. १९९३ सालीं त्यांनीं ह्या रोग्यांसाठीं संस्था काढली, तिच्या नांवांतहि गायतोंडे हें नांव आहे. पुढें ह्याच बाईंनीं विषाणु अंगांत असलेल्या तरुण-तरुणींचीं परस्परांशीं लग्नें जुळवून देण्याचेंहि काम केलें. २०१५ सालीं त्या निवर्तल्या.

आतां हा विषाणु करतो काय तें थोडक्यांत पाहूं, कारण त्याखेरीज औषधांचें मर्म कळणार नाहीं. आपल्या रक्तांत सी.डी. ४ नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. शरीराच्या संरक्षणाचा कारभार त्या पाहतात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तांत त्या साधारण ५०० ते १५०० भरतात. एच्.आय्.व्ही. नेमका ह्याच पेशींत शिरतो. त्याचा स्वतःचा मजकूर आर्.एन्.ए. नांवाच्या लिपींत असतो, आणि पेशीचें दप्तर असतें डी.एन्.ए.च्या लिपींत. जणुं मोडींतील एक कागद घेऊन तो बाळबोध लिहिणाऱ्यांच्या कचेरींत येतो. त्याच्याजवळ तीन कारकून असतात. पहिला मोडीचें बाळबोध करतो. दुसरा तें पान घरच्या मूळ वहींत बेमालूम शिवून टाकतो. तिसरा, त्या पानावरून तयार झालेल्या नव्या मालाची काटछाट करून त्याचे पुरे विषाणु बनवितो. एकदां तें पान वहींत शिवलें गेलें म्हणजे तें घरचेंच होऊन बसतें. सी.डी. ४ पेशींची संख्या हळूहळू, बहुधा कित्येक वर्षांनीं, २०० च्या खालीं गेली व साध्या जंतूंपुढेंहि शरीर हात टेकूं लागलें, म्हणजे त्या अवस्थेस एड्स म्हणतात. अंगांत एच्.आय्.व्ही. असणें आणि एड्स होणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांमधील अंतर आज औषधांनीं जवळजवळ आयुष्याएवढें लांबविलें आहे.

पहिलें औषध झायडोव्ह्युडिन. तें १९६४ सालीं जेरोम हॉरविट्झ ह्यांनीं कर्करोगासाठीं तयार केलें होतें. तेथें निरुपयोगी ठरून तें बाजूस पडलें. १९८७ च्या मार्चमध्यें अमेरिकेनें तें एच्.आय्.व्ही.साठीं मान्य केलें. तें पहिल्या कारकुनाचा हात धरतें. पण हा कारकून मोठा हलगर्जी. नक्कल करतांना सारख्या चुका करतो. त्या चुकांतूनच औषधास दाद न देणारी एखादी जात निपजते, व थोड्याच महिन्यांत सर्व शरीर तिनें भरून जातें. एकट्या औषधानें रोगी कांहीं काळ सुधारून पुन्हां खालावत, त्याचें कारण हें. १९९५ च्या अखेरीपासून तिसऱ्या कारकुनास रोखणारीं औषधें निघालीं, आणि १९९६ सालीं व्हँकूव्हरच्या परिषदेंत असें सिद्ध करण्यांत आलें कीं तीन औषधें एकदम दिलीं असतां विषाणूस एकाच वेळीं तिघांनाहि चुकविणारी चूक साधत नाहीं. मरणाच्या दारीं पोंचलेलीं माणसें कांहीं आठवड्यांत उठून बसलीं. आमच्या परिचयाच्या त्या बाईचे यजमान वारले ते ह्यानंतर तीन वर्षांनीं! औषध जगांत होतें. पण त्याचा खर्च माणशीं वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता.

हा भाव उतरला त्याची कथा मुंबईची आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतों. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यानें औषधाच्या कृतीला पेटंट मिळे, औषधाला नाहीं. अर्थात् निराळ्या कृतीनें तेंच औषध तयार करण्यास भारतांत मोकळीक होती. ख्वाजा अब्दुल हमीद ह्यांनीं १९३५ सालीं स्थापिलेली सिप्ला ही कंपनी त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद चालवीत होते. २००१ च्या फेब्रुवारींत त्यांनीं जाहीर केलें कीं तीन औषधांचा वर्षाचा सांठा आम्ही परोपकारी वैद्यकीय संस्थेस ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षां कमी किंमतींत देऊं. तीन औषधें एकाच गोळींत घालण्याचीहि युक्ति त्यांनीं केली. बड्या कंपन्या चिडल्या, चोरीचा आरोप झाला. परंतु आफ्रिकेंतील लक्षावधि माणसें पुढें भारतांत झालेल्या गोळ्यांवरच जगलीं, हें आतां कोणी नाकारीत नाहीं. २००५ सालीं आपला कायदा बदलला व ती मोकळीक पुष्कळशी संपली. त्या आधीं हें घडलें हें जगाचें भाग्य म्हणावयाचें.

तरी ३५० डॉलर म्हणजे त्या वेळचे सोळा हजार रुपये. आमच्या ह्या बाईच्या भावानें कांहीं महिने पदरमोड करून गोळ्या आणून दिल्या, मग खंड पडला, मग पुन्हां आणल्या. असा खंड हाच ह्या उपचारांतील सर्वांत मोठा धोका आहे. तो त्या वेळीं त्या भल्या भावास कोणी समजावून सांगितला नाहीं. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनें निवडक आठ रुग्णालयांतून हीं औषधें फुकट देण्यास आरंभ केला; मुंबईचें जे. जे. रुग्णालय त्यांपैकींच. ही बाई महिन्यांतून एकदां पहांटेच्या गाडीनें जाई व संध्याकाळीं परत येई. शेजारीं सांगे, "संधिवाताच्या गोळ्या आणावयास जातें." त्या जुन्या गोळ्यांपैकीं स्टाव्ह्युडिननें तिचे गाल बसले, पायांत मुंग्यांची आग होऊं लागली. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनेंच तें औषध हळूहळू बंद करण्याचा सल्ला दिला. तिचे गाल मात्र अद्याप तसेच आहेत.

आज स्थिति अशी आहे कीं सरकारी केंद्रांतून बहुतेक प्रौढ रोग्यांस रोज एकच गोळी मिळते. तींत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम असतें. पहिलीं दोन नक्कल करणाऱ्या कारकुनास अडवितात. तिसरें पान शिवणाऱ्यास. डोल्युटेग्रॅव्हिरला चुकवून जाणें विषाणूस फार कठीण पडतें, हा त्याचा मोठा गुण. वजन वाढणें, क्वचित् झोंप न लागणें हे त्याचे त्रास. घरांतील वडील स्त्रियांनीं एक ध्यानांत ठेवावें : कॅल्शियमची, लोहाची किंवा आम्लपित्ताची गोळी ह्या गोळीबरोबर रिकाम्या पोटीं घेतली तर औषध अंगांत नीट शोषलेंच जात नाहीं. ह्या गोळीनंतर दोन तासांनीं किंवा तिच्या आधीं सहा तास तीं घ्यावींत. क्षयाचें रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर दिवसांतून दोनदां लागतें. ह्या सर्व गोष्टी डॉक्टरांस विचारूनच कराव्या. परंतु विचारण्यासाठीं मुळांत त्या ठाऊक असाव्या लागतात.

पूर्वीं पेशींची संख्या बरीच उतरेपर्यंत औषध देत नसत. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगानें वाट पाहण्यांत नुकसानच आहे असें ठरलें, आणि २०१७ पासून भारतांतहि तपासणींत दोष आढळतांच उपचार सुरू करण्याचें धोरण आहे. औषध नियमित घेणाऱ्याच्या रक्तांतील विषाणु कांहीं महिन्यांत इतके कमी होतात कीं नेहमींच्या चाचणीस ते दिसतच नाहींत. आणि येथेंच ह्या विद्येचा सर्वांत मोठा शोध आहे, जो आमच्या मतें प्रत्येक घरीं मोठ्यानें वाचून दाखविला पाहिजे. पतिपत्नींपैकीं एकासच विषाणु आहे अशा १७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक प्रयोग झाला. त्यांत पुण्याचीं व चेन्नईचींहि जोडपीं होतीं. लौकर औषध दिल्यानें जोडीदारास रोग लागण्याचें प्रमाण शेंकडा ९६ नीं घटलें, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें युरोपांतील पाहणींत, ज्यांच्या एक मिलिलिटर रक्तांत विषाणूंची संख्या २०० च्या खालीं आहे अशांपासून जोडीदारास रोग लागल्याचें एकहि उदाहरण आढळलें नाहीं. एकहि नाहीं! पतिपत्नीच्या सहवासाविषयीं जर हें खरें, तर ताटवाटीची कथा ती काय?

ताटवाटीनें, एका पंगतीस बसण्यानें, लहान मुलास कडेवर घेण्यानें, एका न्हाणीघरानें, डांसानें हा रोग लागत नाहीं. औषध नव्हतें त्या काळींहि लागत नव्हता. सोवळ्याओवळ्याचे नियम ज्या घरांत पाळावयाचे त्यांनीं ते खुशाल पाळावेत, पण त्यांना वैद्यकशास्त्राची साक्ष काढूं नये. ह्या बाईच्या धाकट्या जावेच्या मुलीनें वैद्यकीय कॉलेजांत गेल्यावर पहिल्याच सुटींत तें खुणेचें ताट इतर ताटांत मिसळून टाकलें. आजेसासूबाई रागावल्या, दोन दिवस बोलल्या नाहींत. पुढें त्यांनाच अर्धांगाचा झटका आला, तेव्हां ह्या सुनेच्याच हातून त्या जेवत.

गरोदर स्त्रीविषयीं दोन शब्द. उपचारावांचून आईपासून मुलास रोग लागण्याचा संभव शेंकडा १५ ते ४५ असतो. आईनें वेळींच औषधें घेतलीं तर तो पांचाच्या खालीं, व नीट काळजी घेतल्यास एक-दोनांवर येतो. म्हणूनच गरोदरपणीं रक्त तपासूं द्यावें. त्यांत अपमान मानूं नये. दवाखान्यांत काम करणाऱ्यास वापरलेली सुई टोंचली, किंवा कोणा स्त्रीवर अत्याचाराचा प्रसंग आला, तर ७२ तासांच्या आंत, आणि जितक्या लौकर होईल तितक्या लौकर, औषध सुरू करून २८ दिवस घेतल्यास रोग बहुतांशीं टळतो. ही माहिती तिसऱ्या दिवशीं शोधीत बसण्याची नव्हे. सरकारची १०९७ ह्या क्रमांकाची टेलिफोन सेवा त्यासाठींच आहे.

ह्या बाईचें एकदां पित्ताशयाचें ऑपरेशन झालें तेव्हां एका रुग्णालयांत तिच्या खाटेला रोगाच्या नांवाची पाटी लावलेली आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला असून, रोग्याच्या संमतीवांचून त्याची स्थिति उघड करणें, त्याला नोकरी, शिक्षण किंवा उपचार नाकारणें हें आतां बेकायदेशीर आहे.

आतां इंजेक्शनाकडे वळूं. तीं दोन प्रकारचीं आहेत, व वर्तमानपत्रांतून त्यांची सरमिसळ होते. कॅबोटेग्रॅव्हिर व रिल्पिव्हिरिन हीं दोन इंजेक्शनें महिन्यानें किंवा दोन महिन्यांनीं घेऊन रोजची गोळी बंद करतां येते. अमेरिकेनें तीं २०२१ च्या आरंभीं मान्य केलीं. २०२५ च्या जुलैमध्यें जागतिक आरोग्य संघटनेनेंहि, ज्यांचा विषाणु गोळ्यांनीं दबलेला आहे व ज्यांस बी प्रकारची कावीळ नाहीं अशांसाठीं, त्यांची शिफारस केली. सहा महिन्यांचें इंजेक्शन तें निराळें. त्याचें नांव लेनाकॅपाव्हिर. तें तिन्ही कारकुनांना सोडून विषाणूच्या कवचावरच घाव घालतें. २०२२ च्या अखेरीस, इतर औषधांनीं हार खाल्लेल्या रोग्यांसाठीं इतर औषधांच्या जोडीनें तें मान्य झालें. पण त्याचा खरा डंका वाजला तो प्रतिबंधाच्या कामांत. दक्षिण आफ्रिका व युगांडा येथें निरोगी अशा २१३४ तरुणींस तें देण्यांत आलें; २०२४ सालीं निकाल जाहीर झाला, त्यांत एकीसहि लागण झाली नव्हती. लस शोधण्यांत तीस-पस्तीस वर्षें गेलीं. थायलंडांतील २००९ च्या प्रयोगांत शेंकडा ३१ एवढें यश दिसलें, आणि नंतरचे मोठे प्रयोग तर मध्येंच थांबवावे लागले. लसीनें जें साधलें नाहीं तें ह्या औषधानें जवळजवळ साधलें. २०२५ च्या जूनमध्यें अमेरिकेनें प्रतिबंधासाठीं तें मान्य केलें, वर्षाची किंमत २८ हजार डॉलरांच्या वर! परंतु १२० देशांसाठीं तें करण्याचा परवाना सहा कंपन्यांस दिला असून त्यांत हैदराबादच्या कंपन्या आहेत, पुण्याची एमक्युअर आहे. दोन भारतीय कंपन्यांनीं २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरांत तें देण्याचें कबूल केलें आहे. २००१ चीच कथा, ह्या वेळीं भांडणावांचून. मात्र २०२५ च्या आरंभीं अमेरिकेनें परदेशी मदत एकाएकीं रोखल्यामुळें अनेक गरीब देशांतील केंद्रें ओस पडलीं, हेंहि विसरतां येत नाहीं.

राहिला प्रश्न रोग समूळ जाण्याचा. वहींत शिवलेलें पान औषधांनीं जात नाहीं. त्याची नक्कल थांबते इतकेंच. कांहीं पेशी तर वही मिटून वर्षानुवर्षें पेटींत स्वस्थ पडून राहतात. औषध थांबविलें कीं बहुधा दोन-तीन आठवड्यांतच विषाणु परत वर येतो. अमेरिकेंतील मिसिसिपी राज्यांत २०१० सालीं जन्मलेल्या एका बालकास जन्मापासून तीस तासांच्या आंत औषध मिळालें. दीड वर्षानें तें थांबलें, तरी विषाणु दिसेना. २०१३ सालीं जगभर आनंद झाला. सत्तावीस महिने औषधावांचून गेल्यावर २०१४ सालीं विषाणु पुन्हां दिसला. खरोखर बरे झाले म्हणावेत असे रोगी आजवर बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला पहिला टिमथी रे ब्राउन. त्यास रक्ताचा कर्करोगहि होता. २००७ सालीं बर्लिन येथें गेरो ह्यूटर ह्यांनीं त्याच्यासाठीं असा अस्थिमज्जेचा दाता शोधला कीं ज्याच्या पेशींना एच्.आय्.व्ही.ला आंत घेणारें एक दारच जन्मतः नव्हतें. उत्तर युरोपांतील शंभरांत सुमारें एकाची अशी ठेवण असते. ब्राउन एच्.आय्.व्ही.तून मुक्त झाला. २०२० सालीं तो वारला तो कर्करोग उलटल्यामुळें. असे प्रत्यारोपण जिवावरचें असतें. ज्याचें रोजच्या एका गोळीवर भागतें त्याला तें कोणी सुचविणार नाहीं. वहींतील पान कात्रीनें कापून काढण्याची जनुकविद्येची क्लृप्ति माणसांवर करून पाहिली आहे. २०२४ च्या वृत्तांताप्रमाणें ती निर्धोक ठरली, पण विषाणूचें परतणें तिनें थांबलें नाहीं.

तेव्हां जाहिरातींतून "एड्स मुळापासून बरा" म्हणणाऱ्यांविषयीं वाचकांनीं काय तें समजावें. तशी हमी देणें आपल्याकडे कायद्यानें मना आहे.

हें सर्व आम्ही त्या बाईस जाऊन सांगितलें. सहा महिन्यांचें इंजेक्शन मुख्यतः निरोग्यांस रोग लागूं नये म्हणून आहे. तिच्यासारख्यांसाठीं त्याला दुसऱ्या लांब पल्ल्याच्या औषधाची जोड हवी, व तशा जोड्यांचे प्रयोग चालू आहेत. दोन महिन्यांचीं इंजेक्शनें सरकारी केंद्रांतील नित्याचा उपचार झालेलीं नाहींत. शिवाय भावानें आणलेल्या त्या जुन्या गोळ्यांत नेव्हिरॅपिन होतें व त्यांत खंड पडला होता, त्यामुळें त्याच जातीच्या रिल्पिव्हिरिनला तिचा विषाणु दाद देईल कीं नाहीं ह्याचा डॉक्टरांस आधीं विचार करावा लागेल. तिनें सर्व नीट ऐकून घेतलें. मग आंतून आपली चाचणीची वही आणून आमच्या हातीं दिली. गेल्या तिन्ही चाचण्यांत विषाणु दिसला नव्हता. "मग नऊची गोळी आहे तीच बरी," ती म्हणाली, आणि पुढच्या तारखेला पुतणीला सुटी आहे कीं नाहीं तें पाहण्यासाठीं भिंतीवरच्या पंचांगाकडे वळली.